श्रीलंकेचं पॅकेज सोलापूरहून: आधी महिना ठरवा, मग जंगल

सोलापुरात नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत कुठल्याही ट्रॅव्हल ऑफिसात श्रीलंकेची चौकशी केली की पुढ्यात येणारा कागद साधारण एकच असतो. सात रात्री, आठ दिवस. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, यालाचं जंगल, गॉल, कोलंबो. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. वर ठळक अक्षरांत ‘साइटसीइंग आणि वाइल्डलाइफ’. इथे त्या कागदाचाच हिशेब मांडला आहे. मत आधीच सांगून टाकतो. साइटसीइंगचा भाग उत्तम आहे, पैसे वसूल होतात. वाइल्डलाइफचा भाग कागदावर आहे तसाच घेतला तर निम्मा वाया जातो, कारण बारा महिने एकच कार्यक्रम विकला जातो आणि तिथले प्राणी काही बारा महिने एका जागी राहत नाहीत. एक-दोन मुक्काम हलवले आणि महिना बघून जंगल निवडलं, तर तेवढ्याच दिवसांत, जवळपास तेवढ्याच पैशांत दुप्पट बघून होतं.

श्रीलंका क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचव्या भागाएवढी, पण पाऊस दोन वेळचा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस त्रिंकोमाली, पूर्व किनारा आणि उत्तर भागाला झोडपतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन कुठेही पडतो. प्राणी दिसणं न दिसणं सगळं यावर. पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतं, पाणी सगळीकडे झालं की पांगतं.

आता हे आपल्या सोलापूरच्या वर्षात बसवून बघा. गड्ड्याची जत्रा आटोपल्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ आमच्या मते सर्वांत चांगला. दक्षिणेचा समुद्र शांत असतो, मिरिसाला देवमासे असतात आणि यालातलं पाणी आटत चाललेलं असतं. मुलांच्या परीक्षांमुळे ते जमत नसेल तर एप्रिल. मात्र 13 आणि 14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. दुकानं बंद, चालक आपापल्या गावी गेलेले, त्यामुळे हे दिवस टाळा. मे उजाडला की मिरिसाचा समुद्र खवळू लागतो, पण यालाचं जंगल उत्तमच राहतं आणि अस्वल दिसण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याच सुमाराला असते. आषाढीपासून दसऱ्यापर्यंत मिनेरियाच्या तलावावर हत्तींचे कळप जमतात. त्याच काळात यालाचा मुख्य भाग साधारण 1 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर कोरड्या दिवसांमुळे बंद ठेवतात. हे माहीत नसताना सप्टेंबरचं याला पॅकेज घेणारे लोक दर वर्षी असतात, आणि त्यांना ऐन वेळी शेजारच्या एखाद्या जंगलात नेलं जातं.

राहिली दिवाळीची सुट्टी. सोलापुरातून सर्वांत जास्त बुकिंग दिवाळीचं असतं आणि प्राण्यांच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत कच्चा. मिनेरियातले कळप पांगलेले, यालात जागोजागी पाणी साचलेलं, देवमाशांचा हंगाम नुकता सुरू होत असलेला. दिवाळीतच जायचं असेल तर यालाचा हट्ट सोडा आणि उडवलवेच्या राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे हत्ती बारा महिने दिसतात.

रस्त्याचा हिशेबही कागदावर फसवा असतो. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे. तिथून सिगिरिया 150 किलोमीटर म्हणजे आपल्या पुणे हायवेच्या सवयीने अडीच तास वाटतात, प्रत्यक्षात चार लागतात. कँडी ते नुवारा एलिया 75-80 किलोमीटर, पण घाट असल्यामुळे अडीच-तीन तास. द्रुतगती मार्ग सोडला तर ताशी 30 ते 35 किलोमीटरची सरासरी धरा. दक्षिणेचा द्रुतगती मार्ग कोलंबोपासून हंबनटोटापर्यंत आहे, त्यामुळे परतीचा टप्पा मात्र झटपट होतो. गाडी बहुधा टोयोटाची केडीएच व्हॅन असते. सहा माणसं आणि सामान आरामात बसतं, आठ बसवली की बॅगा मांडीवर येतात. बुकिंग करताना व्हॅनमध्ये किती माणसं बसणार ते लिहून घ्या.

साइटसीइंगमध्ये सिगिरिया पहिलं. पाचव्या शतकात कश्यप राजाने (477 ते 495) सपाट जंगलातून सरळ वर उठलेल्या कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. 1982 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे 1200 पायऱ्या. दार उघडताच चढायला लागा, नऊनंतर उन्हाने कातळ तापतो आणि अरुंद जिन्यांवर रांग अडते. भित्तिचित्रांपर्यंत लोखंडी गोल जिना आहे, तिथे फोटो काढायला बंदी आहे. सिंहाच्या पंजांचा चौथरा आला की गुडघेदुखीवाल्यांनी थांबावं. पुढचा जिना कातळाला लटकलेला, उघडा आणि वाऱ्याचा आहे. कातळावर आग्या मोहोळाची पोळी असतात, गोंगाट करू नका अशा पाट्या आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. आपल्या ग्रुपमध्ये वर पोचल्यावर आरोळी ठोकायची पद्धत असेल तर ती इथे आवरा.

तिकिटाची एक महत्त्वाची गोष्ट. सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना सिगिरिया, पोलोन्नारुवा अशा ठिकाणी आणि राष्ट्रीय उद्यानांतही इतर परदेशी लोकांपेक्षा कमी दर असतो. पण खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून गेलात तर पूर्ण दर पडतो. पॅकेजच्या कागदावर प्रवेश शुल्क ‘धरून’ असेल तर ते सार्क दराने धरलंय की पूर्ण दराने, ते विचारा. चार माणसांच्या कुटुंबात हा फरक बराच होतो.

कँडीचं दंतमंदिर, दांबुल्लाच्या पाच गुहा, ही ठिकाणं पॅकेजमध्ये नीट बसवलेली असतात, त्यात बदल नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे तो अपमान समजतात आणि लगेच हटकतात. पेरादेनियाचं वनस्पती उद्यान बहुतेक ग्रुप तासाभरात उरकतात. दोन तास द्या. तिथल्या उंच झाडांवर वटवाघळांची मोठी वसाहत दिवसाढवळ्या लटकलेली असते, पंखांनी वारा घेत आणि आपसात भांडत. प्राणी बघायला म्हणून आलेल्या माणसाने ते चुकवू नये.

नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतो. सोलापूरच्या कोरड्या 42 अंशांची सवय असलेल्यांना खालची दमट हवा जास्त त्रास देते. खाली पारा 31-32 च असतो, पण घाम वाळत नाही. सुती कपडे दोन जोड जादा ठेवा. सीता एलियाचं मंदिर रस्त्यालाच आहे, अर्ध्या तासात होतं. ओढ्याकाठच्या कातळावरचे खळगे हनुमानाच्या पावलांचे म्हणून दाखवतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी हा थांबा हवाच.

हॉर्टन प्लेन्स बहुतेक पॅकेजमध्ये नसतं आणि आमच्या मते असायला हवं. दोन हजार मीटरच्या वरचं गवताळ पठार, चरणारी सांबरं आणि कडा जिथे सरळ तुटतो ते ‘वर्ल्ड्स एंड’. फेरी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन तास. पहाटे साडेचारला नुवारा एलिया सोडावं लागतं, कारण साडेनऊ-दहानंतर दरीतून धुकं वर येतं आणि कडा पांढरा होतो. फाटकावर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टणं काढून घेतात. म्हणून बिस्किटं आणि चिवडा आधीच स्टीलच्या डब्यात भरून न्या.

नानू ओया ते एला हा रेल्वेचा टप्पा अडीच-तीन तासांचा. पट्टीपोला हे 1,891 मीटरवरचं स्टेशन त्या मार्गावरचं सर्वांत उंच. रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि झटकन संपतं. पहिल्या वर्गाच्या एसी डब्याची खिडकी उघडत नाही, दुसऱ्या वर्गाची उघडते, तेव्हा दुसराच वर्ग मागा. नोव्हेंबर 2025 च्या ‘दितवाह’ चक्रीवादळात दरडी कोसळून डोंगरातल्या या रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान झालं. त्यामुळे तुमच्या तारखेला गाडी कुठून कुठपर्यंत धावते आहे याची खात्री केल्याशिवाय त्या दिवसाचे पैसे भरू नका. दारात लटकून फोटो काढायचं खूळ तिथेही आहे. बोगदे अरुंद आहेत, मुलांना आत बसवा.

याला

याला 1900 साली अभयारण्य आणि 1938 साली राष्ट्रीय उद्यान झालं. एकूण क्षेत्र 979 चौरस किलोमीटर, पण पॅकेजची जीप फिरते ती फक्त ब्लॉक 1 मध्ये, म्हणजे सुमारे 140 चौरस किलोमीटरमध्ये. बिबट्यांची घनता जगात सर्वांत जास्त असलेल्या जागांपैकी ही एक. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही. बिबट्याला वरचढ कोणी नाही, म्हणून तो दिवसाउजेडी रस्त्याच्या मधून चालत जातो, कातळावर आडवा पसरतो. उसात दडणारा आपल्याकडचा बिबट्या डोक्यात ठेवून गेलेल्यांना हे खरं वाटत नाही.

पॅकेजमध्ये यालाला एकच सफारी असते, सकाळची. मुक्काम तिस्समहारामाला. जीप पाचला हॉटेलवर यायला हवी, कारण फाटक सहाला उघडतं आणि त्याआधी तिकिटांची रांग असते. साडेपाचला निघालात की सातला आत जाता, आणि तोवर बिबट्याचा रस्त्यावर फिरण्याचा वेळ संपत आलेला असतो. हॉटेलवाले ‘घाई कशाला’ म्हणतील, ऐकू नका. नाश्त्याचं पार्सल रात्रीच सांगून ठेवा, शाकाहारींनी तर नक्कीच. नाहीतर डबा उघडल्यावर अंड्याचं किंवा मटणाचं सँडविच निघतं आणि मग दहापर्यंत काही मिळत नाही.

गोंधळ होतो तो असा. एका जीपला बिबट्या दिसतो, चालकांचे फोन फिरतात, आणि थोड्याच वेळात त्या एका झाडाखाली वीस-तीस जीपा अडकतात. धूळ, इंजिनं, मागच्यांचा आरडाओरडा. बिबट्या उठून झाडीत जातो आणि मागून आलेल्यांना जीपांची रांग तेवढी दिसते. ‘बिबट्या दाखवला तर जादा टिप’ असं आपण म्हटलं की चालक आणखी वेगाने पळवतो, म्हणजे यात आपलाही हात असतो. आदल्या रात्री चालकाला स्पष्ट सांगावं: फोनमागे धावायचं नाही, पाणवठ्याशी इंजिन बंद करून थांबायचं. चांगला चालक हे ऐकून खूश होतो. पालाटुपानाच्या मुख्य फाटकाऐवजी कटगमुवा फाटकाने आत जाता येतं, तिकडे गर्दी कमी. ब्लॉक 5 साठी गलगे फाटक आहे. तिथे बिबट्याची शक्यता ब्लॉक 1 पेक्षा कमी, पण जंगल शांत आणि झाडी दाट. दोन सफारी घेणार असाल तर एक इकडे करा.

बिबट्या शोधायचा कानाने. वानरांच्या टोळीत एखादं झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत सारखं खाकरायला लागलं, खाली चितळांनी शेपट्या ताठ केल्या, की तिथे थांबा. पुष्कळदा पहिल्यांदा दिसतं ते शेपूट. पालूच्या आडव्या फांदीवरून एक सरळ दोरी खाली लोंबते आहे आणि टोकाशी किंचित वळली आहे. दुर्बीण लावली की मग फांदीवरचे ठिपके वेगळे होतात, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून पालथा पडलेला बिबट्या उलगडतो. हा पालू म्हणजे आपल्या बाजारात उन्हाळ्यात येणाऱ्या खिरण्यांचं झाड. मे ते जुलै त्याची पिवळी फळं पिकतात आणि अस्वलं ती खायला झाडावर चढतात. अस्वल बघायचं असेल तर तोच हंगाम, बाकीच्या महिन्यांत नशिबाची गोष्ट.

जीपमध्ये दोन-दोनच्या तीन रांगा असतात. मागची रांग चाकाच्या मागे येते आणि खड्ड्यात फूटभर उडते. कंबरदुखी, मणक्याचा त्रास असलेल्यांनी चालकाच्या लगेच मागे बसावं, तिथे धक्के निम्मे. गरोदर बाईने ही सफारी करू नये. बसायची पायरी उंच असते, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. टोपी, धुळीसाठी ओढणी किंवा पंचा, 8 बाय 42 ची दुर्बीण. कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. स्टँड उपयोगाचा नाही, टॉवेलची घडी जीपच्या गजावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. उतरायची परवानगी फक्त ठरलेल्या जागी, त्यातली एक पटनंगला किनाऱ्यावर, 2004 च्या त्सुनामीत तिथे गेलेल्यांच्या स्मारकाशेजारी. नैसर्गिक विधीची सोय त्या थांब्यावर, मध्ये कुठे नाही.

शुल्काची रचना कळली की पैसे वाचतात. माणशी तिकीट वेगळं, ग्रुपमागे सेवा शुल्क वेगळं, गाडीचं वेगळं, वर कर. म्हणजे दोघांनी जीप केली तर माणशी खर्च खूप वाढतो, सहांनी केली तर उतरतो. आणि पौर्णिमा टाळा. दर पौर्णिमेला तिथे पोयाची सार्वजनिक सुट्टी असते. जोडून शनिवार-रविवार आला की सगळी श्रीलंका यालाला असते, जीपा दुप्पट आणि बिबट्या गायब. त्या दिवशी दारू-मांसाची विक्रीही बंद असते, मंदिरांत मात्र वातावरण सुरेख असतं. तेव्हा पौर्णिमा कँडीत पडेल अशी तारीख धरा.

उडवलवे, आणि बाकीचे हत्ती

पॅकेजमध्ये एकच बदल करायचा झाला तर तो हा. एलाहून सरळ तिस्समहारामाला न जाता एक रात्र उडवलवेला थांबा. एलाहून दोन-अडीच तास, तिथून तिस्समहारामा दीड-दोन. 308 चौरस किलोमीटरचं हे उद्यान 1972 साली वलवे नदीवरच्या धरणाभोवती झालं. पाणी कायम, गवत कायम, झाडी विरळ, त्यामुळे हत्ती लपत नाहीत आणि जीपा फाकलेल्या राहतात.

इथे एका हत्तिणीजवळ वीस मिनिटं नुसतं थांबा. जमिनीलगतचं आखूड गवत सोंडेत धरता येत नाही. मग ती पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडून सैल करते, सोंडेने गोळा करून जुडी बांधते, आणि ती जुडी दोन-तीनदा गुडघ्यावर आपटून माती झाडते. मगच तोंडात. मागे उभं असलेलं पिल्लू तसंच करायला जातं, पण त्याची सोंड अजून ऐकत नाही, जुडी सुटते आणि ते आईच्या तोंडाजवळ सोंड नेतं. पाच मिनिटांत फोटो काढून पुढे निघणाऱ्या जीपला यातलं काही दिसत नाही. सुळ्यांची अपेक्षा मात्र धरू नका. श्रीलंकेतल्या नरांपैकी दहात एकालाही सुळे नसतात.

उद्यानाबाहेरच 1995 साली सुरू झालेलं हत्तींच्या अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. दर तीन तासांनी दूध पाजतात. लोकांसाठी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3, संध्याकाळी 6 या वेळा असतात, जाण्याआधी विचारून घ्या. तुम्ही लांबच्या कट्ट्यावर बसून बघायचं, हात लावायला मिळत नाही. पिल्लं मोठी झाली की जंगलात सोडतात, म्हणून माणसाची सवय लागू देत नाहीत. पॅकेजमधलं पिनावलाचं हत्ती-अनाथालय 1975 चं आणि प्रसिद्ध. नदीत आंघोळ करणारा कळप तिथे मुलांना आवडतो हे खरं, पण तिथल्या हत्तींना साखळ्या असतात आणि ते जंगलात परत जाणारे नाहीत. दोन्हीतून एक निवडायचं तर आम्ही उडवलवे निवडू, दर वेळी. हबरणा-सिगिरिया भागात हत्तीवर बसवून फिरवतात, तो पैसा देऊ नका.

मिनेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. जुलैपासून पाणी मागे सरतं, तळाशी हिरवं गवत उगवतं आणि आसपासचे कळप संध्याकाळी तिथे उतरतात. चांगल्या वर्षी एका नजरेत शंभरावर हत्ती. पण मोरगहकंद धरणाचं पाणी इकडे वळवलं की तलाव भरलेला राहतो, गवत उघडं पडत नाही, आणि मग हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलू इको पार्कात असतात. तिन्ही जवळजवळ आहेत. त्यामुळे ‘मिनेरिया’ एवढंच लिहून न घेता ‘त्या दिवशी हत्ती असतील ते उद्यान’ असं लिहून घ्या. जीप दुपारी अडीच-तीनला निघालेली बरी.

समुद्र

मिरिसाचं वैशिष्ट्य असं की डोंड्राच्या टोकाजवळ उथळ समुद्रबूड अगदी अरुंद आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तळ एकदम खोल जातो, म्हणून निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, इथल्या बोटीतून दिसू शकतो. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. बोट सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, चार-पाच तास लागतात. मे ते सप्टेंबरमध्ये कोणी मिरिसाची बोट विकत असेल तर घेऊ नका, त्या दिवसांत देवमासे बघायचे तर त्रिंकोमाली.

उलटीचा त्रास बहुतेकांना होतो. आपण समुद्राकाठची माणसं नाही. गोळी बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात राहतच नाही. खालच्या मजल्यावर मधोमध-मागच्या बाजूला बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका. आधी दोन सुकी बिस्किटं खा. बोटवाला देवमाशाच्या किती जवळ जातो यावरून त्याची परीक्षा होते. शंभर मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. जो मागून पाठलाग करतो त्याच्या बोटीतून फक्त बुडणारी पाठ दिसते. जो बाजूला थांबतो, त्याच्या बोटीतून उंच फवारा, मग लांबच लांब पाठ आणि शेवटी शेपटीचा पंखा वर येऊन सरळ खाली जाताना दिसतो.

कासवांचं थोडक्यात. जगातल्या सात सागरी कासवांपैकी पाच जाती श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. कोसगोडाच्या बाजूला गाडी थांबवून ‘हॅचरी’ दाखवतात, पिल्लू हातात देतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची पहिल्या काही दिवसांची ताकद खोल समुद्र गाठण्यासाठी असते. टाकीत ठेवून ती संपते. त्यापेक्षा रेकवा किनाऱ्यावर रात्री मार्गदर्शकाबरोबर जा. टॉर्च नाही, फ्लॅश नाही, मादी खड्डा खणून अंडी घालायला लागेपर्यंत लांब बसायचं. कधी दोन तास थांबूनही येत नाही.

बुंदलाचा थांबा कोणी सुचवला तर पक्षीवेड्यांनीच घ्यावा. रोहित तिथे पूर्वीसारखे येत नाहीत, आणि रोहित बघायला सोलापूरकराने उजनी सोडून जायची गरज नाही. चित्रबलाकही उजनीवर भरपूर. श्रीलंकेत नजर ठेवायची ती दुसरीकडे कुठे नसलेल्यांवर: लाल-पिवळ्या तुऱ्याचा श्रीलंकन रानकोंबडा यालाच्या रस्त्यावरच दिसतो, निळा मॅगपाय सिंहराजाच्या पावसाळी जंगलात. सिंहराजाला जळवा असतात, त्यासाठी पायमोज्यांवरून घालायचे कापडी मोजे तिथेच भाड्याने मिळतात.

जेवण, पैसे, खरेदी

शाकाहारींनी एक गोष्ट पाठ करावी. ताटात येणारी ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, पोल संबोल, दिसायला निर्धोक, पण तीत वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात. काही भाज्यांतही तो पडतो. ‘मस, माळू एपा, उंबलकड एपा’ (मांस, मासे नकोत, उंबलकड नको) एवढं सांगितलं की स्वयंपाक्याला नेमकं कळतं. बाकी परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसूर वरण, इडियप्पम, आप्पम, फणसाची भाजी, आणि शेवटी मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही व त्यावर कितुल माडाची काकवी. हे दही चुकवू नका. पॅकेजमधल्या ‘इंडियन डिनर’पेक्षा साधं भात-कालवण तिथे कितीतरी सरस. तरी प्रवासातल्या भुकेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत असू द्या. दमट हवेत भाकरी मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात.

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी 2024 पासून तिथे आपलं यूपीआय सुरू झालं आहे आणि मोठ्या दुकानांत चालतं, पण जीपवाला, नारळवाला आणि देवळाबाहेरचा चपला सांभाळणारा यांच्यासाठी रोख हवीच. प्रवेशाची ईटीए परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे घेतात. मलेरियामुक्त देश म्हणून 2016 साली श्रीलंकेला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं, पण डेंग्यू आहे, डासांचं मलम दिवसाही लावा.

मातलेचं मसाल्याचं उद्यान आणि रत्नांचं दुकान पॅकेजमध्ये ‘मोफत भेट’ म्हणून असतं. तिथल्या तेलांचे भाव आणि गाइडचं कमिशन लक्षात घेऊन फक्त बघा. दालचिनी मात्र घ्या, पण सुपरमार्केटमधून. खरी सिलोनी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळून केलेली असते आणि बोटांनी चुरते. जाड, एकाच पापुद्र्याची, कडक नळी म्हणजे आपल्याकडेही मिळणारी कॅशिया.

सुधारलेला कार्यक्रम फेब्रुवारी-मार्चसाठी असा लिहून मागा: सिगिरिया दोन रात्री, कँडी एक, नुवारा एलिया एक, एला एक, उडवलवे एक, तिस्समहारामा एक, मिरिसा एक. कोलंबोचा मुक्काम आणि पिनावला वगळा. आठ रात्री होतात. सातच हव्या असतील तर सिगिरियाची एक कमी करा, जंगलाची नको. ऑफिसवाला ‘पॅकेज फिक्स आहे’ म्हणाला तर चार-सहा जणांचा स्वतंत्र ग्रुप करून पुन्हा विचारा, बहुतेक ठिकाणी तेव्हा जमतं.

जाताना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची. दादरला उतरून विमानतळ गाठा, दुपारनंतरचं विमान घ्या. मुंबई-कोलंबो थेट विमान अडीच तासांचं. चेन्नईहून ते दीड तासाच्या आत पोचतं आणि सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत, तिकिटातला फरक बघून ठरवा. परतताना विमान संध्याकाळी उतरणार असेल तर त्याच रात्रीच्या सिद्धेश्वरचं आरक्षण करू नका. इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि मुंबईची वाहतूक यांत दोन-तीन तास सहज जातात. मुंबईत मुक्काम करून दुसऱ्या दुपारची वंदे भारत धरा.